नाचणाऱ्याचा धर्म आणि पाहणाऱ्याचें ऋण

मनुष्याच्या सर्व कलांमध्यें नृत्य ही मोठी परावलंबी कला आहे. कवीला आपली कविता बंद खोलींत एकट्यानें लिहितां येते. चित्रकाराला एक भिंत पुरते. गायकालाही रानांत जाऊन आपल्याच आवाजाची सोबत करतां येते. परंतु आपल्याकडे लोक ज्याला नाच म्हणतात, त्याला दुसरा माणूस लागतो. हाताला हात लागतो, पावलाला पाऊल लागतें, डफावर थाप पडली कीं तिला उत्तर देणारा कोणी तरी समोर लागतो. निदान पाहणारा तरी लागतोच. माणसानें माणसाजवळ येणें हाच या कलेचा प्राण होय. आणि साथीच्या रोगाचा प्राणही नेमका तोच! दोन देहांमधील अंतर कमी झालें कीं नाच रंगतो, आणि तेंच अंतर कमी झालें कीं साथ पसरते. म्हणून महामारींत जे व्यवहार प्रथम बंद होतात त्यांत नाचगाणें असतें, आणि जे सर्वांत शेवटीं सुरू होतात त्यांतही तेंच असतें.

अशा काळांत ज्यांचें पोट नाचावर चालतें, किंवा ज्यांचें समाजपण नाचांतून जपलें जातें, त्यांनीं काय करावें? प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटण्याजोगा आहे. प्राणावर बेतलें असतां नाचाची चिंता कशाला, असें एखादा व्यवहारी गृहस्थ म्हणेल, आणि त्याचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. पण थोडें खोल जाऊन पाहिलें म्हणजे या प्रश्नाच्या पोटांत दोन मोठे प्रश्न दडलेले दिसतात. सर्वांच्या हितासाठीं एखाद्यानें आपला व्यवसाय कांहीं काळ गुंडाळून ठेवावा, असें सांगण्याचा अधिकार समाजाला केव्हां येतो? आणि तो अधिकार वापरल्यावर त्याची किंमत कोणीं द्यावयाची? २०२० ते २०२२ या तीन वर्षांत हे दोन्ही प्रश्न महाराष्ट्रापुढें प्रत्यक्ष उभे राहिले. साथ ओसरली तसे आपण ते विसरलों. म्हणूनच, आतां डोकें थंड असतांना, त्यांचा विचार करून ठेवणें बरें.

विचाराला आरंभ आपल्या वऱ्हाडांतूनच करूं. वाशिम जिल्ह्यांतील कारंजा लाड हें माणसांच्या एकत्र येण्यावर वाढलेलें गांव. श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान म्हणून गुरुमंदिराच्या दर्शनाला येथें दूरदूरचे लोक येतात. जैनांचीं जुनीं मंदिरें आणि भट्टारकांचीं पीठें येथें आहेत. कापसाच्या व्यापारामुळें बाजाराला गर्दीची संवय आहे. गांवाबाहेर पडून मानोऱ्याच्या अंगाला गेलें कीं बंजारा समाजाचे तांडे लागतात, आणि त्याच बाजूला त्या समाजाचें पोहरादेवी हें तीर्थक्षेत्र आहे. या तांड्यांत होळीच्या दिवसांत लेंगी गातात आणि नाचतात. लेंगी पाहण्याला तिकीट नसतें, आणि खरें म्हटलें तर तेथें निव्वळ पाहणाराही कोणी नसतो. डफाच्या तालावर गेरिया आणि गेरणी फेर धरतात. म्हातारीं माणसें जुनीं पदें सुचवितात. घरांत तान्हें मूल असेल तर त्याचा धुंडीचा विधि होतो. आणि मजुरीसाठीं मुलूखभर पांगलेलीं कुटुंबें त्या चार दिवसांपुरतीं पुन्हां एक तांडा होतात.

२०२० सालची होळी ९ मार्चला आली. महाराष्ट्रांतील पहिल्या कोरोना-रुग्णाची नोंद पुण्यांत झाली, ती त्याच दिवशीं. त्या रात्रीं होळी पेटली तेव्हां पुढें काय वाढून ठेवलें आहे, याची तांड्यांनाच काय, शहरांनाही कल्पना नव्हती. पण २०२१ ची होळी आली ती पुरती जाणीव घेऊन. फेब्रुवारीपासूनच अमरावती विभागांत, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम या पांच जिल्ह्यांत, दुसऱ्या लाटेनें डोकें वर काढलें होतें. मार्चअखेर, होळीच्या सुमारास, राज्यभर रात्रीची संचारबंदी लागली. फेर धरावयाचा कीं नाहीं, हा प्रश्न त्या वर्षीं पंचांगानें सुटण्यासारखा नव्हता. तो विवेकानेंच सोडवावयाचा होता.

लेंगी थांबली तर काय जातें? एका वर्षाचा आनंद जातो, भेटीगांठी जातात, मुलांना पदें शिकविण्याची एक संधि जाते. हें नुकसान लहान नव्हे. पण भाकरी जात नाहीं. तांड्यांच्या भाकरीवर टाळेबंदीचे घाव पडले, ते मजुरी बुडाल्यामुळें. नाच थांबल्यामुळें नव्हे. म्हणजे स्वतःसाठीं नाचणारा समाज नाच थांबवितो, तेव्हां तें एक व्रत असतें. व्रतांत त्याग आहे, पण त्या त्यागाला मान आहे. आणि तो सर्वांनीं मिळून करावयाचा असल्यामुळें कोणा एकट्याला जड जात नाहीं. दुसऱ्यासाठीं नाचणाऱ्याची गोष्ट याच्या उलट. त्याचा नाच थांबला कीं त्याची चूल थांबते. ज्या नियमानें पहिल्याला व्रतस्थ केलें, तोच नियम दुसऱ्याला कर्जबाजारी करतो. नियम एकच; पण त्याचें वजन दोघांच्या खांद्यांवर सारखें नाहीं. नीतीचा विचार करणाऱ्यानें हा भेद प्रथम ध्यानांत घेतला पाहिजे.

या दुसऱ्या प्रकारच्या नर्तकांचा महाराष्ट्रांतील मोठा मेळा म्हणजे तमाशाचे फड. त्यांची स्थिति पाहण्याकरितां वऱ्हाड सोडून पुणे जिल्ह्यांत, जुन्नर तालुक्यांतील नारायणगांवीं गेलें पाहिजे. या गांवाला तमाशाची पंढरी म्हणतात. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतात आणि वैशाखापर्यंत गांवोगांव फिरतात. पण वर्षाच्या मिळकतीचा खरा भर असतो तो चैत्र-वैशाखांतील जत्रांवर. म्हणून पाडव्याच्या आधीं नारायणगांवीं फडांच्या राहुट्या लागतात, गांवोगांवचे पुढारी तेथें येतात, बोलणीं होतात आणि सुपारी ठरते. मोठ्या फडांत नर्तकी, सोंगाडे, ढोलकीवाले, तंबू उभारणारे, गाड्या हांकणारे, स्वयंपाकी अशीं मिळून शंभराहून अधिक माणसें असतात. हंगामाआधीं कलावंत फडमालकाकडून उचल घेतात. ती देण्याकरितां मालक कर्ज काढतो. आणि दोघांचेंही देणें फिटावयाचें तें पुढच्या जत्रांतून. हा सारा संसार एका आशेवर उभा असतो : चैत्रांत लोक जमतील.

आतां तीन पाडवे पहा. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता. देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस तोच. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला होता. त्याच दिवशीं सायंकाळीं राज्यांत कडक निर्बंधांची घोषणा झाली व दुसऱ्या दिवसापासून ते अमलांत आले. २०२२ चा पाडवा २ एप्रिलला आला, आणि त्या दिवसापासून महाराष्ट्र शासनानें साथीचे सर्व निर्बंध उठविले. इतरांच्या दृष्टीनें हा तारखांचा योगायोग असेल. फडांच्या दृष्टीनें मधले दोन पाडवे बुडाले, म्हणजे दोन वर्षांची कमाई बुडाली. घेतलेली उचल खर्च झालेली, कर्ज तसेंच उभें, आणि व्याज मात्र चालू. सर्व व्यवहारांना टाळेबंदी लागली, पण व्याजाला ती कधींच लागत नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. फडांना थांबविणें चूक होतें, असें म्हणण्याचा या लेखाचा हेतु नाहीं. दाट जमावांत गाणें आणि नाचणें यांनीं रोग किती वेगानें पसरतो, याचा पुरावा २०२० च्या आरंभींच मिळाला होता. दक्षिण कोरियांतील चनान शहरीं व्यायाम म्हणून नाच शिकविणाऱ्या शिक्षकांचा एक वर्ग १५ फेब्रुवारीला भरला होता. तेथून रोग बारा व्यायामशाळांत गेला आणि या नृत्यवर्गांशीं संबंध असलेल्या ११२ जणांना त्याची बाधा झाली. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, बाधित शिक्षकांपैकीं एकीकडे संथ श्वासाचे योगासारखे व्यायाम शिकणारे जे होते, त्यांना लागण झाल्याचें आढळलें नाहीं. लहान खोली, दाटी आणि धापा टाकावयास लावणारा नाच यांच्या संयोगानें अनर्थ केला. अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत १० मार्चला एका गायकवृंदाच्या तालमीला ६१ जण जमले. मूळच्या एका रोग्यासह ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. तेथें कोणी बेफाम वागला नव्हता. लोक केवळ गायले होते. तमाशाचा तंबू म्हणजे शेंकडों प्रेक्षक खांद्याला खांदा लावून बसलेले, आणि समोर घामानें डवरलेल्या, दमश्वास पणाला लावून नाचणाऱ्या स्त्रिया. तेथें रोग शिरला असता तर पहिला बळी फडाचाच पडला असता.

नाच वाढवून संकट निवारण्याचा प्रयोगही इतिहासांत झालेला आहे. १५१८ सालीं स्ट्रासबुर्ग शहरांत माणसें रस्त्यावर नाचूं लागलीं, तीं थांबेनात. तेथील नगरसभेला वाटलें कीं त्यांना मनसोक्त नाचूं दिलें म्हणजे व्याधि उतरेल. म्हणून सभागृहें मोकळीं करून दिलीं आणि वाजंत्रीही भाड्यानें आणले. नाचणाऱ्यांची संख्या उलट वाढली. शेवटीं त्याच सभेला नाच-वाद्यांवर बंदी घालावी लागली. ती व्याधि आजच्या साथींपेक्षां निराळी. पण उत्साहानें संकटावर मात करूं, ही भावना विचाराची जागा घेऊं लागली म्हणजे काय होतें, हें त्यावरून दिसतें.

तरीही नाचणाऱ्याला थांबणें कठीण जातें, आणि त्याचें कारण केवळ पोट नव्हे. न थांबणें हाच आपला धर्म, असें त्याला पिढ्यान्‌पिढ्या शिकविलेलें असतें. विठाबाई नारायणगांवकर यांची एक हकीकत महाराष्ट्रांत घरोघर सांगतात. दिवस भरले असतांना त्या फडावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा त्या आंत गेल्या, बाळंत झाल्या, आणि पुन्हां बोर्डावर उभ्या राहिल्या. ही हकीकत आपण कौतुकानें सांगतों. त्यांच्या निष्ठेपुढें मान लवते, यांत संशय नाहीं. पण आपल्या कौतुकाकडे थोडें संशयानें पाहण्यास हरकत नाहीं. ओल्या बाळंतिणीला पुन्हां नाचावें लागलें, यांत तिचें धैर्य जितकें दिसतें, तितकीच तिची लाचारी आणि पाहणाऱ्यांची बेपर्वाई दिसत नाहीं काय? राष्ट्रपतींच्या हस्ते ज्यांचा गौरव झाला, त्याच विठाबाईंचे अखेरचे दिवस विवंचनेंत गेले, आणि २००२ सालीं त्या वारल्या. खेळ थांबतां कामा नये, हें ब्रीद कलेनें निर्माण केलें असें आपण समजतों. बहुतांशीं तें दारिद्र्यानें निर्माण केलें आणि प्रेक्षकांनीं त्याला मखरांत बसविलें. महामारींत हेंच ब्रीद घातक ठरतें. कारण न थांबणारा नर्तक आतां केवळ स्वतःच्या देहाशीं खेळत नसतो. म्हणून नाचणाऱ्यांच्या समाजानें पहिली गोष्ट करावयाची ती ही कीं, थांबण्यांत कमीपणा मानूं नये. न थांबण्याला जेवढी प्रतिष्ठा आजवर दिली, तेवढीच योग्य वेळीं थांबण्यालाही द्यावी.

पण थांबविणाऱ्यानेंही एक गोष्ट शिकली पाहिजे, आणि ती शिकविणारा धडा आपल्या इतिहासांतच आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. १८९७ च्या फेब्रुवारींत साथरोगांचा कायदा झाला. त्याच कायद्याचा आधार महाराष्ट्रानें २०२० च्या मार्चमध्येंही घेतला. पुण्यांत त्या कायद्याचा अंमल गोऱ्या शिपायांकरवीं झाला. घरांत शिरून झडत्या झाल्या, लोक भ्याले, चिडले, रोगी लपवूं लागले. आणि २२ जून १८९७ च्या रात्रीं प्लेग-अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. त्याच पुण्यांत, त्याच वर्षीं, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतांना रोगाची बाधा होऊन १० मार्चला वारल्या. दोन्ही ठिकाणीं माणूस रोग्याच्या घरांत शिरला. एका ठिकाणीं त्याचा द्वेष झाला आणि दुसऱ्या ठिकाणीं पूजा. कारण पहिला केवळ हुकूम घेऊन आला होता. दुसरीनें दुःखाचा वांटा उचलला होता. नियम कितीही शास्त्रशुद्ध असला तरी नियम करणारा ओझ्याला हात लावीत नसेल, तर लोक तो मनापासून पाळीत नाहींत. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथींत हिंदुस्थानांतील ज्या प्रांतांत मृत्यूचें प्रमाण अतिशय मोठें होतें, त्यांत मध्यप्रांत व वऱ्हाड होता. म्हणजे हे धडे आपल्या दारापर्यंत येऊन गेलेले आहेत.

नाच पुरता न थांबवितां एखादा मधला मार्ग काढतां येत नाहीं काय? २०२० च्या आषाढीला वारकऱ्यांनीं तो काढला. पंढरीची वाट पायीं तुडविणारा लक्षावधींचा मेळा त्या वर्षीं निघाला नाहीं. संतांच्या पादुका मोजक्या माणसांसह एस. टी.च्या मोटारींतून पंढरपुरास नेल्या आणि १ जुलैची एकादशी साधली. ना वाटेवरचीं रिंगणें झालीं, ना फुगड्या. पण परंपरेचा धागा तुटला नाहीं. स्वतःसाठीं नाचणाऱ्या समाजाला हा मार्ग उत्तम आहे. तांड्याच्या नायकानें व कारभाऱ्यानें होळीपुढें एकच डफ वाजवावा, एका घरानें एक पद म्हणावें, बाकीच्यांनीं आपापल्या दारांत उभें राहून ऐकावें. एवढ्यानेंही लेंगी जिवंत राहते. आणि असा निर्णय नायकानें दिला तर तो तांड्याला आपला वाटतो. तोच हुकूम पोलिसानें दिला तर परका वाटतो. पण दुसऱ्यासाठीं नाचणाऱ्याचें प्रतीकावर भागत नाहीं. देव पादुकांनीं संतुष्ट होईल. सावकार होणार नाहीं. टाळेबंदींत कित्येक कलावंतांनीं भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आपली कला दाखविली. त्यानें ओळख टिकली, क्वचित् चार पैसेही मिळाले. परंतु लावणीचा अर्धा प्राण समोरच्या शिटींत आणि उठलेल्या फेट्यांत असतो. शिवाय शंभर माणसांच्या फडांतील तंबू ठोकणाऱ्याला पडद्यावर कसली जागा?

येथें कारंज्याची पुन्हां आठवण होते, आणि ती नुसती होळीची नव्हे. या गांवच्या जैन ग्रंथभांडारांत हस्तलिखितें शतकानुशतकें जपून ठेवलेलीं होतीं. दहाव्या शतकांतील पुष्पदंत कवीचें ‘जसहरचरिउ’ हें अपभ्रंश काव्य १९३१ सालीं कारंजा ग्रंथमालेंतून छापून निघालें, तें अशा जपणुकीच्या पुण्याईनें. मधल्या काळांत दुष्काळ पडले, पटकी आली, प्लेग आला, इन्फ्लुएंझा आला. माणसें गेलीं, पण वेष्टनांत बांधलेल्या पोथ्या टिकल्या. पोथीला भूक लागत नाहीं आणि ताप येत नाहीं. नृत्याला असें भांडार नाहीं. नर्तकीचा देह हेंच त्याचें भांडार. पायांतला ताल, कमरेंतली लय, ढोलकीच्या कोणत्या बोलाला मान कशी वळवावयाची याचें ज्ञान, हें सारें स्नायूंत सांठविलेलें असतें आणि एका देहाकडून दुसऱ्या देहाकडे जातें. तो देह गेला कीं पोथी जळाली. कांताबाई सातारकर तमाशाच्या बोर्डावर आयुष्य घालवून वृद्ध झाल्या होत्या. २५ मे २०२१ रोजीं कोरोनाच्या आजारांत त्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर काय काय गेलें याची यादी कोणालाही करतां येणार नाहीं.

नृत्य देहांतच राहतें, ही एक गोष्ट मान्य केली कीं दोन कर्तव्यें आपोआप निघतात. देह रोगानें जाऊं द्यावयाचा नसेल, तर साथींत नाच थांबविला पाहिजे. हें नाचणाऱ्याचें कर्तव्य. आणि देह भुकेनें जाऊं द्यावयाचा नसेल, किंवा त्यानें कंटाळून कायमचा दुसरा धंदा धरूं नये असें वाटत असेल, तर थांबलेल्या काळांत त्याचें पोषण झालें पाहिजे. हें पाहणाऱ्याचें कर्तव्य. पहिलें पाळावयास सांगून दुसरें विसरणें म्हणजे भांडाराला आग लागूं नये म्हणून तें पाण्यांत बुडविण्यासारखें आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचार करण्याजोगा आहे. साथींत न्हावी बसला, हमाल बसला, खाणावळवाला बसला. सर्वांचेंच नुकसान झालें. मग नाचणाऱ्याचेंच कौतुक कशासाठीं? उत्तर असें कीं, नाचणारा त्यांच्याहून श्रेष्ठ आहे असें कोणी म्हणत नाहीं. फरक आहे तो आपल्या स्मरणांत. न्हाव्याची गरज आपल्याला दर महिन्याला आठवते, हमालाची दर गोणीला. दुकान उघडण्याची परवानगी मिळतांच आपण त्यांच्याकडे धांव घेतों. नाचणाऱ्याची आठवण मात्र सर्व कांहीं सुरळीत झाल्यावर, फुरसतीच्या वेळीं होते. शिवाय तमाशांतील कलावंत मुख्यतः दलित आणि भटक्या समाजांतून आलेले. त्यांच्या कलेवर आपण लुब्ध झालों, पण त्यांना आपल्या ओटीवर बसविलें नाहीं. ज्याला सुखाच्या दिवसांतही अर्धवट आपलें मानलें, त्याला दुःखाच्या दिवसांत पुरतें परकें मानावयास वेळ लागत नाहीं.

२०२१ सालीं राज्य शासनानें सुमारें ५६ हजार कलावंतांना प्रत्येकीं ५ हजार रुपयांचें एकरकमी साहाय्य देण्याचें ठरविलें. कांहींच न देण्यापेक्षां हें खचित चांगलें. पण दोन वर्षांचा हिशेब केला तर तें महिन्याला दोनशे आठ रुपये पडतात. प्रश्न रकमेचा आहे, पण त्याहून अधिक तो शब्दाचा आहे. आपण त्याला साहाय्य म्हटलें. साहाय्य म्हणजे उपकार; तो केला तर बरें, न केला तरी दोष नाहीं. वस्तुतः नर्तकांनीं दोन वर्षें घरीं बसून जें दिलें, तें आपण घेतलें आहे. प्रत्येक न भरलेल्या जत्रेमागें कोणाच्या तरी घरांतील म्हातारा वांचला असेल. हा लाभ ज्यांच्या नुकसानींतून आपल्याला झाला, त्यांचे आपण ऋणी आहोंत. आणि ऋण दयेनें फेडीत नाहींत, हिशेबानें फेडतात.

हा हिशेब पुढील साथ येण्यापूर्वींच लिहून ठेवतां येईल. सुपारी ठरवितांनाच एक कलम असावें : साथीच्या कारणानें खेळ झाला नाहीं, तर ठरलेल्या बिदागीचा कांहीं भाग गांवानें द्यावा. जत्रेसाठीं जमविलेली वर्गणी जत्रा न भरल्यामुळें कोठें नाहींशी होत नाहीं. तिचा एक वांटा फडाचा आहे, एवढेंच मान्य करावयाचें. फडांनींही चांगल्या हंगामांत प्रत्येक खेळामागें थोडी रक्कम बाजूला काढून एक सामायिक निधि उभारावा, व त्यांतून आधीं उचल घेतलेल्या लहान माणसांचें देणें भागवावें. बंद काळाचा उपयोग शिकण्या-शिकविण्यासाठीं करावा. वृद्ध कलावंतिणींच्या जवळ मुलींची गर्दी न करतां, एक गुरु आणि एक शिष्या अशा बेतानें जुन्या लावण्या, अदा आणि वगांचीं संभाषणें पुढच्या देहांत उतरवून घ्यावीं, आणि चित्रफितींतही धरून ठेवावीं. चित्रफीत म्हणजे नृत्य नव्हे. पण भांडार जळालें तर सूची तरी उरते. आणि पुन्हां सुरुवात करावयाची ती मोकळ्या मैदानांत, विरळ बैठकींत. कोंडलेल्या जागेचा मोह सर्वांत शेवटीं धरावा.

यांतील एकही गोष्ट अलौकिक नाहीं. बलुतेदारीच्या जुन्या व्यवस्थेंत अनेक दोष होते. माणसाला जन्मानें बांधून टाकणें हा त्यांतला मोठा दोष. पण पीक आल्यावर बलुत्याचा वांटा बाजूला काढावयाचा, ही जाणीव तिच्यांत होती. ती गुलामगिरी परत नको. पण ज्याच्या श्रमावर आपला आनंद उभा आहे, त्याचा वांटा आपल्या धान्यांत आहे, एवढी जाणीव नव्या काळांतही सोडण्याचें कारण नाहीं.

पुढची साथ केव्हां येईल हें सांगतां येत नाहीं; येणार नाहीं असें म्हणावयास मात्र इतिहासाचा आधार नाहीं. ती येईल तेव्हां डफ पुन्हां खुंटीला लागतील आणि चाळ पेटींत जातील. लेंगीचा तांडा आपलें व्रत आपण पाळील. त्याला कोणी शिकवावें लागणार नाहीं. पण फडांतील एखादी मुलगी पायांतले चाळ सोडतांना आपल्याकडे पाहील, आणि ते पुन्हां बांधावयास मी राहीन ना, एवढेंच विचारील. त्या प्रश्नाचें उत्तर वैद्याजवळ अर्धें आहे. उरलेलें अर्धें आपल्याजवळ.